हिशेबात न बसणारी गवते
(प्रस्तावना)

नगर जिल्ह्याचा बहुतेक संसार गवतावर चालतो. जामखेड-कर्जतकडची शाळू ज्वारी, पारनेरची बाजरी, अकोल्याच्या डांगाणातला भात आणि नाचणी, कोपरगाव-राहात्याचा गहू, प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांखालचा ऊस, गोठ्यालगत उभे असलेले हत्ती गवत, माळावरचे मारवेल आणि पवन्या, बांधावरची हरळी ही सगळी एकाच कुळातली मंडळी. वनस्पतिशास्त्रात या कुळाला पोएसी म्हणतात, आपण तृणकुळ म्हणू. ज्वारीच्या एकाच ताटाचे कणीस माणूस खातो आणि उरलेले ताट जनावर खाते. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी त्याची शेती कुळाने होती तीच आहे.

या पुस्तकाचा विषय या गवतांच्या पेशीतला एक हिशेब आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे असतात, ती डीएनएची बनलेली असतात आणि प्रत्येक जातीत त्यांची संख्या ठरलेली असते, असे आपण शाळेत शिकतो. ज्वारीत २०, बाजरीत १४, भातात २४. कोणत्याही गावच्या ज्वारीचे कोवळे मूळ तपासा, वीसच भरतील. पण हाच नियम घेऊन बांधावरच्या हरळीकडे गेलात तर गडबड होते. एका ठिकाणची हरळी १८ दाखवते, दुसऱ्या ठिकाणची ३६, कुठे २७ सुद्धा. मारवेल २०, ४० आणि ६० अशा तीन पायऱ्यांवर सापडते. कुसळी गवताच्या नोंदी २०, ४०, ५०, ६० अशा विखुरलेल्या आहेत. नदीकाठच्या कासाने तर ताळतंत्रच सोडले आहे: त्या एका जातीत ४० पासून १२८ पर्यंत संख्या नोंदल्या गेल्या आहेत.

मग शाळेतले वाक्य खोटे ठरते का? तसे नाही. ते ज्या वनस्पती दरवर्षी संयोगातून बी धरतात आणि बियांतूनच पुढे जातात त्यांच्यापुरते खरे आहे. जिथे बी हाच एकमेव रस्ता आहे, तिथे गुणसूत्रांची मोजणी काटेकोर राहते. जिथे झाड कांडीने, ठोंबाने, धावत्या खोडाने किंवा संयोगाशिवाय तयार झालेल्या बियाने वाढते, तिथे मोजणी सैल पडते आणि सैल पडूनही चालून जाते. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा धागा हाच आहे. नगर जिल्हा त्यासाठी मुद्दाम निवडला, कारण दोन्ही तऱ्हांची गवते इथे शेजारीशेजारी उभी आहेत. आणि जिल्ह्याचा पैसा ज्या उसावर आणि दुधावर फिरतो, त्यांच्यामागची मुख्य गवते दुसऱ्या तऱ्हेची आहेत.

आधी थोडे यंत्र समजून घ्यावे लागेल. परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रे जोड्या लावतात, मग प्रत्येक जोडीतले एक एका बाजूला आणि दुसरे दुसऱ्या बाजूला जाते. ज्वारीच्या २० गुणसूत्रांच्या १० जोड्या लागतात, परागात १० जातात, बीजांडात १०, आणि बी धरले की पुन्हा २०. आता एखाद्या झाडात २७ गुणसूत्रे, म्हणजे नऊ-नऊचे तीन संच असले तर? तिसऱ्या संचाला जोडीदार नाही. वाटणी वेडीवाकडी होते, कुणाच्या वाट्याला १२, कुणाच्या १५, आणि असे पराग-बीजांड बहुधा वांझ निघतात. बियांवर जगणारे झाड असते तर त्याचा वंश तिथेच संपला असता. हरळीला मात्र बियाची गरज नाही. ती जमिनीवरून आणि जमिनीखालून पेरापेराला मुळे टाकत पसरते. कुळवाने तिचे तुकडे केले की प्रत्येक तुकड्याचे नवे झाड होते. वांझ असूनही ती शेतकऱ्याला दाद देत नाही. जगभरच्या गोल्फच्या मैदानांवर अंथरले जाणारे ‘टिफवे’ नावाचे गवत हे असेच हरळीचे २७ गुणसूत्रांचे संकरित भावंड आहे. ३६ गुणसूत्रांची साधी हरळी आणि १८ गुणसूत्रांची आफ्रिकी हरळी यांच्या संकरातून ते आले. त्याला बी धरत नाही, ते तुकड्यांनीच लावले जाते आणि बी न धरणे हाच मैदानवाल्यांच्या दृष्टीने त्याचा गुण आहे.

मारवेल आणि कुसळी यांनी तिसरी वाट काढली आहे. मारवेल ओळखायला सोपे: पेरावर पांढऱ्या केसांचे कडे असते. याला कणसे येतात, बीही धरते, पण ४० गुणसूत्रांच्या झाडांत ते बी बहुतेक वेळा आईच्याच पेशीतून, नर-मादीच्या संयोगाशिवाय तयार होते. दिसायला बी, पण प्रत्यक्षात आईची हुबेहूब प्रत. २० गुणसूत्रांची झाडे मात्र रीतसर संयोगातून बी धरतात. एकाच जातीत दोन संख्या, आणि संख्येबरोबर जननाची रीतही वेगळी. अमेरिकेतील जॅक हार्लन आणि जे. एम. जे. डी वेट या जोडीने मारवेलच्या गोतावळ्यावर, भारतातून गोळा केलेल्या नमुन्यांसह, वर्षानुवर्षे काम केले. १९६३ मध्ये त्यांनी अशी कल्पना मांडली की काही गवते शेजारच्या जातींचे जनुक जमेल तसे गोळा करत सुटतात आणि त्यांच्या सीमारेषाच पुसट होऊन जातात. कुसळी तर धनगरांच्या चांगल्या ओळखीचे. त्याचे पिळदार कुसळ ओलाव्याने उलगडते, कोरडे पडले की पुन्हा पिळते, आणि अशा हालचालींनी बी मातीत किंवा मेंढीच्या लोकरीत घुसते. त्याचेही बी बहुतांशी संयोगाविना तयार होते. म्हणूनच ५० सारखी अवघड संख्या त्याला बाधत नाही.

आता उसाकडे येऊ, कारण हिशेब सर्वांत जास्त तिथेच बिघडला आहे आणि सर्वांत जास्त पैसाही तिथेच आहे. दख्खनच्या कालव्यांखाली एके काळी पुंड्या ऊस असे. जाड कांडे, भरपूर रस, चवीला गोड, पण रोगाला आणि पाण्याच्या ताणाला नाजूक. हा वनस्पतिशास्त्रातल्या ‘सॅकॅरम ऑफिसिनॅरम’ या जातीचा ऊस. या जातीत संख्या बऱ्यापैकी ठरलेली आहे: ८०, म्हणजे दहा-दहाचे आठ संच. त्याचा रानटी भाऊ म्हणजे कास, ‘सॅकॅरम स्पॉन्टेनियम’. कांडे बोरूसारखे बारीक, साखर नावाला, पण काटक इतका की पुरात, उन्हात, रेताडात कुठेही उभा राहतो. याच्या संचात दहाऐवजी आठ गुणसूत्रे आहेत. पूर्वीच्या दहांतली काही तुटून एकमेकांत मिसळली आणि आठ उरली.

१९१२ मध्ये कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी ‘वेल्लई’ नावाच्या जाड उसाचा कोइमतूरच्याच कासाशी संकर केला. वेल्लईत ८०, त्या कासात ६४. साधा हिशेब असा: आईकडून ४०, बापाकडून ३२, एकूण ७२. प्रत्यक्षात जन्मलेल्या को-२०५ मध्ये निघाली ११२. म्हणजे बापाने नियमाप्रमाणे ३२ दिली आणि आईने अर्धी न करता सगळीच्या सगळी ८० देऊन टाकली. जावा बेटावर डच शास्त्रज्ञ जी. ब्रेमर यांनी हेच कोडे १९२० च्या दशकात सोडवले होते. तिथल्या काळ्या चेरिबॉन उसाची ८० आणि ग्लागा नावाच्या कासाची ११२, त्यांच्या नैसर्गिक संकरातून आलेल्या ‘कासूर’ उसात १३६ भरली: ८० अधिक ५६. या संकराची संतती पुन्हा जाड उसाशी जोडली तर पुढच्या पिढीतही आई बहुधा पूर्ण संचच देते, त्यानंतर कुठे वाटणी ताळ्यावर येते. जाड उसाची ही उदार सवय नसती तर पहिल्याच संकरात निम्मी साखर गेली असती. आधुनिक ऊस उभा आहे तो या चुकलेल्या वाटणीवर.

आज शेतात असलेल्या उसांत १०० ते १३० च्या दरम्यान गुणसूत्रे असतात आणि संख्या वाणावाणाला बदलते. त्यांतली सुमारे आठ दशांश जाड उसाची, दहातले एखादे कासाचे, आणि बाकीची दोघांचे तुकडे जुळून झालेली. एकाच जनुकाच्या आठ, दहा, बारा प्रती एका पेशीत नांदतात. एकाच झाडाच्या निरनिराळ्या पेशींत दोन-चार गुणसूत्रे कमी-जास्त निघाल्याच्याही नोंदी आहेत. असे झाड बियांवर सोडले तर प्रत्येक रोप वेगळे निघेल. पैदासकार नेमके तेच करतात. कोइमतूरला तुरे चांगले येतात, तिथे संकर होतात, आणि त्यातून उगवलेल्या हजारो वेगवेगळ्या रोपांतून दहा-बारा वर्षे निवड करत एखादे ठेवले जाते. एकदा ते ठेवले की त्याच्या टिपऱ्या करायच्या, डोळे फोडायचे आणि बेणे वाढवायचे. शेतकरी तुरा आला की नाक मुरडतो, कारण तुऱ्यात गेलेली साखर परत येत नाही. बी त्याला नकोच असते.

याचा अर्थ असा की प्रवरानगरपासून कोपरगावपर्यंत उभा असलेला को-८६०३२ हे एकाच रोपाचे शरीर आहे, टिपरी-टिपरीने वाटले गेलेले. को-६२१९८ आणि कोसी-६७१ यांच्या संकरातून कोइमतूरला ते रोप जन्मले, पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने महाराष्ट्रात त्याची शिफारस केली आणि ‘नीरा’ या नावानेही ते ओळखले जाते. त्याआधी को-४१९ आणि को-७४० यांचे राज्य होते. को-४१९ ची आई म्हणजे जावाचा पीओजे-२८७८, ब्रेमरने मोजलेल्या कासूरचाच वंशज. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभ्या केलेल्या सहकारी कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केले. त्या घटनेचे सामाजिक आणि आर्थिक अर्थ पुष्कळांनी लिहिले आहेत. त्या गव्हाणीत पडणाऱ्या मोळ्यांचा पेशीतला इतिहास कोइमतूर आणि जावा इथल्या दोन चुकलेल्या वाटण्यांपर्यंत जातो, हे मात्र फारसे कुठे लिहिलेले दिसत नाही.

कोइमतूरच्या या कामात जानकी अम्मल हे नाव टाळून पुढे जाता येणार नाही. केरळातल्या तलश्शेरीत १८९७ मध्ये जन्मलेल्या या बाई १९३४ ते १९३९ या काळात कोइमतूरला होत्या. त्यांनी उसाचा मक्याशी संकर केला, कासाच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला, आणि पुढे सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीच्या वनस्पतींचा गुणसूत्र-कोश १९४५ मध्ये प्रसिद्ध केला. नंतर आर. आर. पांजे आणि सी. एन. बाबू यांनी देशभरातून आणि बाहेरून आलेल्या कासाच्या नमुन्यांवर काम करून १९६० मध्ये दाखवले की संख्येचा भूगोलाशी संबंध आहे. कुठल्या प्रदेशात कमी संख्येचे कास, कुठल्या प्रदेशात जास्त, याचा नकाशा काढता येतो. भारतात गोळा झालेल्या एका ६४ गुणसूत्रांच्या कासाच्या अर्ध्या संचाचा, म्हणजे ३२ गुणसूत्रांचा, पूर्ण आराखडा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. लागवडीच्या उसाचा, आर-५७० या वाणाचा, संपूर्ण आराखडा यायला २०२४ उजाडले. भाताचा आणि ज्वारीचा आराखडा त्याच्या किती तरी आधी हाती आला होता. उसाला उशीर लागला तो गुणसूत्रांच्या याच गर्दीमुळे.

ऊस बाहेरून आला, पण दुसरे उदाहरण घरचे आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६८) ‘यशवंत’ आणि ‘फुले जयवंत’ हे संकरित नेपियरचे, म्हणजे हत्ती गवताचे, वाण दिले. त्यांची मूळ नावे आरबीएन-९ आणि आरबीएन-१३, म्हणजे राहुरीचे बाजरी-नेपियर. बाजरीची गुणसूत्रे १४, नेपियरची २८. परागात बाजरीची ७, बीजांडात नेपियरची १४, किंवा उलट, संकरात २१. सात-सातचे तीन संच, म्हणजे हरळीच्या २७ सारखीच अडचण. म्हणून संकरित नेपियरला बी धरत नाही. दूध उत्पादक शेजाऱ्याकडून दोन-तीन डोळ्यांची कांडी किंवा ठोंब आणतो, सरीत लावतो आणि पुढे वर्षानुवर्षे कापत राहतो. बाजरीचा पालेदार गोडवा आणि नेपियरचे बारमाही फुटवे एकत्र मिळतात, आणि झाडाची ताकद दाण्यात न जाता पाल्यात जाते. वांझपणा इथे दोष नाही, उलट वैरणीच्या दृष्टीने सोयीचा आहे. कोल्चिसिन हे रसायन लावून २१ ची ४२ केली तर जोड्या पुन्हा लागतात आणि बी धरू लागते. प्रयोगशाळेत हे करून पाहिलेले आहे आणि या पुस्तकात त्याचे वेगळे प्रकरण आहे.

इथपर्यंत आपण फक्त संख्या मोजली. डीएनए किती आहे, हा त्याहून वेगळा प्रश्न आहे, आणि दोन्ही उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. ज्वारीची गुणसूत्रे २० आणि मक्याचीही २०. पण ज्वारीच्या एका संचात डीएनएची सुमारे ७३ कोटी अक्षरे आहेत, मक्याच्या एका संचात सुमारे २३० कोटी. बाजरीची गुणसूत्रे फक्त १४, तरी एका संचात जवळपास १८० कोटी अक्षरे. भाताची २४ आणि अक्षरे ४० कोटींच्या आतबाहेर. सारख्याच खंडांची पुस्तके सारख्या जाडीची असतीलच असे नाही, तसेच हे: गुणसूत्रांची संख्या म्हणजे खंड किती, डीएनए म्हणजे पाने किती. मक्याची पाने वाढली ती स्वतःच्या प्रती काढत जिनोमभर पसरणाऱ्या फिरत्या तुकड्यांमुळे.

हा फरक एका जातीच्या आतही आढळतो. मक्याच्या गुणसूत्रांवर गाठी असतात, गडद रंगणाऱ्या, एकच मजकूर पुन्हा पुन्हा लिहिलेल्या. कुठल्या वाणात त्या जास्त, कुठल्यात कमी. मेक्सिकोच्या उंच डोंगरांत पिकणाऱ्या मक्यात डीएनए कमी आणि सखल भागातल्या मक्यात जास्त, असा कल दिसला आहे, संख्या मात्र सगळीकडे २०. कासात संख्याही बदलते आणि डीएनएही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत कासाच्या निरनिराळ्या नमुन्यांत केंद्रकातला एकूण डीएनए सुमारे ३४० कोटी अक्षरजोड्यांपासून १,२६० कोटींपर्यंत निघाला, तर जाड उसात तो ७५० ते ८५० कोटींच्या पट्ट्यातच राहिला. एक जात शिस्तीची आणि दुसरी मोकाट, हा फरक इथेही दिसतो.

सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र आपल्याच दख्खनच्या काळ्या जमिनीत वाढणाऱ्या एका रानज्वारीची आहे. ‘सॉर्गम पर्प्युरिओसेरिशियम’ हे तिचे शास्त्रीय नाव. गुणसूत्रे फक्त १०, लागवडीच्या ज्वारीच्या निम्मी. पण काही झाडांत या दहांशिवाय वरकड गुणसूत्रे असतात. त्यांना ‘बी’ (B) गुणसूत्रे म्हणतात, आणि झाडाच्या जगण्याला ती लागतातच असे नाही. जानकी अम्मल यांनी १९४० च्या सुमारास दाखवले की ही वरकड गुणसूत्रे मुळांतून आणि पानांतून गळून जातात आणि कणसात मात्र टिकून राहतात. मूळ तपासणाऱ्याला एक आकडा मिळेल, कणीस तपासणाऱ्याला दुसरा, झाड तेच. ‘या झाडात गुणसूत्रे किती?’ या प्रश्नाला ‘झाडात कुठे?’ असे विचारावे लागते, हे या एका गवताने शिकवले.

ही मोजणी करतात कशी, हे जवळून पाहिले तर आकड्यांवरचा विश्वास आणि अविश्वास दोन्ही योग्य जागी बसतील. उसाचा एक डोळा असलेली टिपरी ओल्या वाळूत ठेवायची. आठवड्याभरात पेरातून पांढरी मुळे फुटतात. सकाळी, पेशींचे विभाजन जोरात असताना, मुळाचे टोक नखाएवढे कापून घ्यायचे. त्याला आधी पॅरा-डायक्लोरोबेन्झिनच्या पाण्यात बुडवायचे, म्हणजे विभाजन मधल्या टप्प्यावर थबकते आणि गुणसूत्रे आखडून सुटी होतात. मग अल्कोहोल तीन भाग आणि ॲसेटिक आम्ल एक भाग अशा द्रावणात रात्रभर ठेवून पेशी आहे त्या स्थितीत पक्क्या करायच्या. दुसऱ्या दिवशी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांवर गरम करून मऊ करायचे, रंग द्यायचा, काचपट्टीवर टोक ठेवून वर आवरणकाच ठेवायची, टिपकागद धरायचा आणि अंगठ्याने सरळ दाबायचे. अंगठा जरा तिरका पडला की पेशी फुटते आणि ११२ ची १०९ होतात. ज्वारीत वीस मोजणे म्हणजे मुलांचा खेळ. उसात शंभरावर बारीक काड्या एकमेकींवर पडलेल्या असतात, आणि जाणकार माणूसही एका पेशीवर विश्वास ठेवत नाही, अनेक पेशी मोजून मगच आकडा लिहितो. जुन्या नोंदींतल्या सगळ्याच विषम संख्या निसर्गाच्या नाहीत, काही अंगठ्याच्या आहेत.

डीएनए मोजायची रीत वेगळी आणि झटपट आहे. कोवळ्या पानाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा थंड द्रावणात नव्या ब्लेडने बारीक चिरायचा. त्याबरोबर डीएनए आधीच माहीत असलेल्या झाडाचे पान चिरायचे. गाळून घेतलेल्या केंद्रकांना चमकणारा रंग द्यायचा आणि ती एका मागोमाग एक लेसरच्या झोतापुढून पाठवायची. जितका डीएनए तितकी चमक. पडद्यावर दोन सुळके उभे राहतात, एक माहीत असलेल्या झाडाचा, दुसरा आपल्या नमुन्याचा, आणि त्यांच्या जागांच्या गुणोत्तरावरून उत्तर निघते. या यंत्राने दिवसात पुष्कळ नमुने होतात, पण ते गुणसूत्रे किती हे सांगत नाही. म्हणून दोन्ही रीती जोडीने वापराव्या लागतात. यंत्र नसेल तर पानाच्या सालीवरची पर्णरंध्रे मोजून अंदाज येतो. संच वाढले की पेशी मोठ्या होतात, रंध्रे लांबट होतात, परागकण फुगतात. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

पुस्तकाची मांडणी या क्रमाने आहे. पहिला भाग बियांवर जगणाऱ्या गवतांचा: ज्वारी, बाजरी, भात, नाचणी. गव्हाचे एक प्रकरण त्यात मुद्दाम घातले आहे, कारण खपलीची २८ आणि रोजच्या पोळीच्या गव्हाची ४२ ही दोन पावले संकर आणि दुपटीने गवताची नवी जात कशी स्थिरावते हे दाखवतात. तिथे संख्या बदलली, पण बदलून पुन्हा सम झाली, जोड्या लागल्या आणि बी धरू लागले. म्हणून ती टिकली. दुसरा भाग कांडीने आणि ठोंबाने चालणाऱ्या गवतांचा: ऊस, संकरित नेपियर, हरळी. तिसरा भाग माळरानाचा. रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याभोवतीचे माळ, हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीसारख्या गावांतली, मोकाट चराई थांबवून विळ्याने कापणी सुरू केल्यावर दाट झालेली कुरणे, आणि हरिश्चंद्रगड-कळसूबाईच्या पावसाळी उतारांवरची गवते. एकाच जिल्ह्यात घाटघरच्या मुसळधार पावसापासून जामखेडच्या अवर्षणापर्यंत सगळे हवामान मिळते, त्यामुळे एका जातीच्या कमी-जास्त संख्येच्या झाडांनी जागा कशा वाटून घेतल्या हे पाहायला याहून सोयीचा प्रदेश मिळणे कठीण.

गवत ओळखण्याचे शिक्षण या पुस्तकात नाही. त्यासाठी एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅककॅन यांचे १९३५ चे मुंबई इलाख्यातील गवतांवरचे पुस्तक आणि पोतदार, साळुंखे व यादव यांचे २०१२ चे महाराष्ट्रातील गवतांवरचे पुस्तक हाताशी ठेवावे. ब्लॅटर-मॅककॅन यांनी कणिशके, कुसळे आणि पेरांवरचे केस पाहून जाती लावल्या. त्या बहुतेक आजही टिकून आहेत. गुणसूत्रांची मोजणी त्यांच्या कामाला खोडत नाही. त्यांनी एका नावाखाली ठेवलेल्या झाडांत किती तऱ्हा दडल्या आहेत एवढेच ती सांगते.

शेतकऱ्याला याचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. ज्वारीचे बियाणे मिसळले तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी शेतात भेसळ डोळ्यांना दिसते, आणि बी धरण्याच्या चाळणीतून बिघडलेल्या संख्येची झाडे आपोआप गळतात. बेण्याच्या पिकाला ही चाळणी नाही. चुकीच्या नावाची टिपरी एकदा गावात शिरली की ती त्याच नावाने खोडव्यावर खोडवे देत राहते, आणि नेपियरचे ठोंब तर नाव विसरूनच हिंडतात: विद्यापीठाचा यशवंत शेजारच्या गावात गजराज होतो, त्याच्या पुढच्या गावात नुसते हत्ती गवत. ऊतीसंवर्धनाने उसाची रोपे करताना पेशींतली संख्या सरकू शकते, हे हवाईतल्या प्रयोगांपासून माहीत आहे. म्हणून रोपवाटिकांनी मूळ बेण्याचा ठावठिकाणा जपणे आणि रोपे मूळ वाणासारखीच आहेत हे वेळोवेळी तपासून घेणे, यात संशोधनाची चैन नाही, धंद्याची गरज आहे.

महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या मुलांना मात्र माझे वेगळे सांगणे आहे. पदव्युत्तर प्रकल्पासाठी कांद्याच्या मुळाची सोळा गुणसूत्रे पुन्हा पुन्हा मोजण्यात कष्ट घालवू नयेत, ती सोळाच भरणार आहेत. आपल्या तालुक्यातली हरळी घ्यावी: कालव्याकाठची, माळावरची, देवळाच्या आवारातली, गणपतीला वाहायला ज्या बांधावरून दूर्वा खुडतात तिथली. लागणारे साहित्य प्रत्येक प्रयोगशाळेच्या कपाटात असते. फक्त आकडा लिहिताना त्याच्यासोबत गाव, जागा, तारीख आणि मोजलेल्या पेशींची संख्या लिहावी, आणि ज्या झाडाचे मूळ कापले त्याच झाडाचा वाळवलेला नमुना क्रमांक देऊन संग्रहात ठेवावा. पत्ता नसलेला ३६ कुणाच्याच कामाचा नाही. पत्त्यासह लिहिलेला २७ पन्नास वर्षांनीही कुणी तरी तपासून पाहू शकेल.